दप्तराची दुसरी जागा

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, तेव्हा आमची कचेरी बंद होती. टाळेबंदीमुळे ती तशीही अर्धीच चालू असायची. त्या दिवशी तर घराबाहेर पडायचीच मनाई होती. तिसऱ्या दिवशी पडलेल्या झाडांमधून वाट काढत मी कचेरीपर्यंत पोहोचलो. पुढच्या दोन खोल्या शाबूत होत्या. मागच्या पडवीचे पत्रे उडाले होते आणि तिथे भिंतीलगतच्या स्टुलावर ठेवलेली काळी पेटी ओलीचिंब झाली होती. ती पेटी म्हणजे आमचे दप्तर. करसल्लागाराची छोटी कचेरी, सात संगणक, नऊ माणसे, आणि सुमारे सव्वादोनशे अशिलांच्या बारा वर्षांच्या वह्या त्या एका पेटीत.

पेटी पडवीत का ठेवली, तर तिच्या पंख्याचा आवाज येत असे म्हणून. इतके साधे कारण.

वीज आल्यावर मी आणखी एक चूक केली. पेटी बाहेरून वाळलेली दिसत होती, म्हणून बटण दाबून पाहिले. भिजलेल्या हार्डडिस्कमध्ये वीज सोडणे म्हणजे जे काही वाचण्यासारखे असते तेही घालवणे. मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने हे मला फोनवर अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले, त्यामुळे ते अधिकच लागले. पेटीत दोन डिस्क होत्या. विकणाऱ्याने बसवताना ग्वाही दिली होती, "साहेब, दोन आहेत. एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं. बॅकअपची काळजी मिटली." त्याच्या म्हणण्यातले पहिले वाक्य खरे होते, दुसरेही खरे होते. घात तिसऱ्याने केला.

पुढच्याच आठवड्यात फोन सुरू झाले. रेवदंड्याकडे घरगुती निवास चालवणारे एक अशील म्हणाले, "दादा, विम्याचा माणूस तीन वर्षांचे हिशेब मागतोय. तुमच्याकडे आहेत ना सगळे?" बँकांना नव्या कर्जासाठी ताळेबंद हवे होते. बर्फाच्या कारखान्याला साठ्याची नोंदवही हवी होती. ज्या वादळाने दप्तर नेले, त्याच वादळाने त्या दप्तराची गरज निर्माण केली. भरलेली विवरणपत्रे सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून घेता येतात. पण खतावणी, बिले, साठ्याचे तपशील तिथे नसतात. ते आमच्यापाशी असायला हवे होते. सहा माणसे चार महिने बँकांच्या उताऱ्यांवरून वह्या पुन्हा लिहीत बसली. त्या काळात मी या विषयाचे जे वाचन केले, जी माणसे गाठली, त्यातून हा लेख झाला आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही. पण छोट्या कचेरीत हे ठरवणारा माणूस बहुधा माझ्यासारखाच असतो.

आधी मुळात अशी पेटी लागते कशाला? आमच्याकडे २०१२पर्यंत नव्हतीच. एका कारकुनाच्या संगणकावरचा फोल्डर सगळ्यांना खुला केलेला असे. तो कारकून संगणक बंद करून जेवायला गेला की सगळी कचेरी जेवायला जाई. एकाच पत्रकाच्या 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन', 'हेच घ्यावे' अशा चार आवृत्त्या चार टेबलांवर नांदत. सामायिक साठवणीचे पहिले काम हा गोंधळ मोडणे. फाइल एकाच ठिकाणी असते. ती एकाने लिहायला उघडली की दुसऱ्याला फक्त वाचता येते. प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि परवलीचा शब्द, आणि कोणी कोणत्या खणात हात घालायचा हे ठरलेले. जुन्या दप्तरखान्यात हेच काम दप्तरदार करीत असे. रुमाल कोणी नेला, कधी परत केला, हे त्याला ठाऊक असायचे.

ही देवघेव ज्या भाषेत चालते तिचा पाया आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३च्या सुमारास घातला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली. १९९०च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने दोन संगणकांमधले बोलणे बाहेरून ऐकून तीच भाषा बोलणारा कार्यक्रम लिहिला आणि सर्वांना फुकट दिला. एसएमबी ही तीन अक्षरे क्रमाने येतील असा शब्द त्याने शब्दकोशात शोधला आणि कार्यक्रमाचे नाव ठेवले 'सांबा'. बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक पेट्यांच्या पोटात आज लिनक्स आणि सांबाच असतात. आपल्याकडे लोक पेटीला 'सर्व्हर' म्हणतात, जाणकार 'नॅस' म्हणतात.

आता त्या दोन डिस्कविषयी. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एक भलीमोठी महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे. पण डिस्क जितक्या अधिक, तितकी त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यता अधिक. म्हणून मजकूर अशा रीतीने वाटून ठेवायचा, की एक गेली तरी काम थांबू नये. हीच 'रेड' पद्धत. तिचा सर्वांत साधा प्रकार आरशाचा: जे एका डिस्कवर लिहिले तेच त्याच क्षणी दुसरीवर. चार टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या, तर जागा चारचीच मिळते. हे उपयोगी आहे. बुधवारी दुपारी डिस्क बिघडली, तरी कचेरी बुधवारी दुपारी चालू राहते. मात्र आरसा फार प्रामाणिक असतो. फाइल चुकून पुसली, तर तो तीही तितक्याच तत्परतेने पुसतो. पेटी भिजली की आरसाही भिजतो. काम न थांबणे आणि दप्तर न हरवणे या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि विकणाऱ्याने मला पहिलीचे औषध दुसरीसाठी दिले होते.

हा भेद मला नीट कळला तो वादळाने नाही, उरणच्या एका घटनेने. ती आमच्याच जिल्ह्यात, माझ्या वादळाच्या तीन वर्षे आधी घडली होती आणि मी तेव्हा ती वर्तमानपत्रात वाचून पान उलटले होते.

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी चालवते. कंटेनर कुठला, कोणाचा, कोणत्या जहाजावर चढवायचा, हे सांगणारे पडदे काळे झाले आणि माणसे कागद-पेन्सिल घेऊन यार्डात उतरली. मूळ दुखणे युक्रेनमध्ये होते. तिथे बहुतेक धंदेवाले वापरतात त्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीबरोबर 'नॉटपेट्या' नावाचा घातक कार्यक्रम पसरवला गेला होता. हिशेबाचे सॉफ्टवेअर, हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. आत शिरल्यावर तो पसरला कसा, तर फाइल सामायिक करण्याच्या त्याच जुन्या भाषेतल्या एका भगदाडातून, आणि चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी. ज्या वाटेने आपली फाइल शेजारच्या टेबलावर जाते, त्याच वाटेने. भगदाड बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांना मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने एक इशाराही देऊन झाला होता.

मर्स्ककडे जगभर सुमारे दीडशे असे संगणक होते, ज्यांवर कोणाला कोणते दार उघडता येते याची यादी होती. प्रत्येक संगणक बाकीच्यांशी सतत यादी जुळवून घेई. एक गेला तरी एकशे एकोणपन्नास आहेत, असा हिशेब. ते सगळे एकदमच पुसले गेले. ती यादी नसेल, तर बाकीच्या फाइलींच्या प्रती असूनही दारे उघडेनात. शोधता शोधता घानामधल्या कार्यालयात एक यंत्र सापडले. हल्ल्याच्या आधी तिथे लाईट गेली होती, म्हणून ते जाळ्यापासून तुटले आणि म्हणून वाचले. तिथून यादी इंग्लंडला पाठवायची, तर इंटरनेट फार मंद. तिथल्या कर्मचाऱ्याला ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तो नायजेरियाच्या विमानतळावर गेला, डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती विमानाने लंडनला पोहोचली. पुढच्या दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने बसवले गेले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दाव्होसला सांगितले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेले.

लाईट जाण्याने कोणाचे तरी भले झाल्याचे कोकणातल्या माणसाला सांगून पटणार नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. जी प्रत तारेने जोडलेली आहे ती, कितीही दूर असली, तरी त्याच संकटाच्या टप्प्यात आहे. निदान एक प्रत न जोडलेली हवी.

नवी मांडणी करताना पुढचा प्रश्न होता जुन्यावरून नव्यावर जायचे कसे. याचे उत्तर मला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळाले. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आम्ही लहानपणापासून बाहेरून पाहत आलो. आत काय चालते हे गावात फारसे कोणाला ठाऊक नसते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला होत असत, १८४०च्या दशकापासून. विसावे शतक उजाडले आणि मुंबईत घोड्यांच्या जागी विजेवरच्या ट्राम आणण्याचे घाटू लागले. विजेच्या प्रवाहाने नाजूक मापने बिघडणार. तेव्हा कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी नवी जागा निवडली ती अलिबागची. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड आणला, लोखंड टाळले. (मुंबईचे कुलाबा सोडून वेधशाळा आली ती तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, जिल्ह्याचे नाव रायगड झाले १९८१ साली. जुने कागद वाचताना या दोन कुलाब्यांनी माझी पुष्कळ गंमत केली.)

मूस यांनी एक दिवस कुलाबा बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. दोन ठिकाणच्या आकड्यांत किती फरक पडतो ते त्यातून कळले आणि दोन्ही मालिका सांधून एक करता आल्या. विजेची ट्राम १९०७ साली धावली, तोपर्यंत हे सगळे आटोपलेले होते. १९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ या काळाच्या नोंदी दोन खंडांत छापून प्रसिद्ध केल्या. छापल्या, म्हणजे त्या जगभरच्या ग्रंथालयांत गेल्या. त्या मालिकेत सप्टेंबर १८५९च्या प्रचंड सौर वादळाची नोंद आहे. त्या वेळी युरोपातल्या कित्येक उपकरणांचे वाचन पट्टीबाहेर गेले होते. कुलाब्याची नोंद मात्र शाबूत राहिली, आणि २००३ साली संशोधकांनी त्या वादळाची ताकद मोजली ती तिच्याच आधाराने. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी कोणीतरी मागेल, हे नोंद करणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? आम्हाला तर कायद्याने केवळ वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात.

मूस यांचा कित्ता आम्ही गिरवला. २०२०च्या पाडव्याला नवी पेटी लावली आणि दोन महिने जुन्या पद्धतीने वेगळ्या संगणकावरही सगळे ठेवत गेलो. कारकून मंडळी कुरकुरली. दुप्पट काम होते. पण त्या दोन महिन्यांत तीन गोष्टी सापडल्या, ज्या एरवी दोन वर्षांनी सापडल्या असत्या.

पहिली किरकोळ: फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर आणि प्रत्येकाला वाक्याएवढे नाव, यामुळे काही फाइलींचा पत्ताच विंडोजच्या मर्यादेबाहेर लांब झाला होता आणि त्या मुकाट्याने मागे राहत होत्या. दुसरी हृदयद्रावक. २००८च्या आसपासची मराठी पत्रे, नोटिशींची उत्तरे, करारनामे यांच्या फाइली सुखरूप होत्या, पण उघडल्यावर दिसे ती रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला तो मजकूर. फाँट ज्या संगणकावर होता तो भंगारात गेलेला. मोडी न वाचता येणाऱ्या माणसासमोर रुमाल सोडावा तसे झाले. एका जुन्या मुद्रकाकडून आम्ही फाँट मिळवले आणि आता ते फाइलींशेजारीच ठेवले आहेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनीही आपले वीस वर्षांपूर्वीचे अंक एकदा उघडून पाहावेत.

तिसरी सर्वांत धोक्याची. रोज रात्री आठला प्रत निघत होती, हिरवा दिवा लागत होता, आणि मी समाधानाने घरी जात होतो. डिसेंबरमध्ये एका अशिलाच्या वह्या त्या प्रतीवरून मुद्दाम परत आणून पाहिल्या, तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरने त्या उघडायला नकार दिला. आमचा एक जण रात्री नऊपर्यंत बसतो. त्याच्या वह्या उघड्या असताना, अर्ध्या लिहिलेल्या अवस्थेत, त्यांची प्रत निघत होती. प्रत होती, आणि उपयोगाची नव्हती. आता प्रत रात्री दोनला निघते आणि आधी सर्वांच्या वह्या बंद होतात. दिवा काम संपल्याचे सांगतो. प्रत चांगली आहे का, हे फक्त ती परत आणल्यावर कळते.

आजची मांडणी अशी. पेटी आतल्या खोलीत, जमिनीपासून चार फुटांवर, खिडकीपासून दूर. खारी हवा धातू खाते आणि पावसाळ्यात ओल भिंतीतून येते. तिला यूपीएस आहेच, पण त्याची एक तार पेटीला सांगते की लाईट गेली आहे आणि बॅटरी संपत आली आहे. मग पेटी स्वतःहून नीट बंद होते. ही शंभर-दोनशे रुपयांची तार बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून असते. दोन डिस्क आरशाच्या, मुद्दाम वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, म्हणजे एकाच घाण्यातल्या एकदम बिघडायला नकोत. दर तासाला त्या क्षणाचे चित्र पेटी स्वतःशी टिपून ठेवते आणि तीस दिवस सांभाळते. कचेरीतल्या कोणालाही, मलाही, रोजच्या नावाने ते पुसता येत नाही. कोणी फाइल पुसली किंवा एखाद्या घातक कार्यक्रमाने सगळ्याला कुलूप घातले, तर तासाभरापूर्वीच्या स्थितीत परत जाता येते. आणि घरून फाइल पाहता यावी म्हणून पेटीचे दार थेट इंटरनेटवर उघडायचे नाही. जानेवारी २०२२मध्ये 'डेडबोल्ट'ने अशीच उघडी दारे शोधून जगभरच्या हजारो पेट्यांमधल्या फाइलींना कुलपे घातली होती.

हे सगळे एका छपराखाली. छपराबाहेर दोन गोष्टी. रोज रात्री बदललेल्या फाइली कुलूपबंद करून भाड्याच्या दूरच्या साठवणीत जातात. कंपन्यांना तर २०२२पासून हिशेबाची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. पण या सोयीवर एकट्यावर विसंबू नये. आमचा साठा ३०० गिगाबाइट. सेकंदाला दहा मेगाबिटच्या जोडणीने तो चढवायला अखंड पावणेतीन दिवस लागतात, आणि तेही जोडणी तुटली नाही तर. निसर्गनंतर मोबाइलचे मनोरे आडवे होते, मुरूड-श्रीवर्धनकडे कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. त्या काळात ढगात ठेवलेले दप्तर ढगातच राहिले असते.

म्हणून दुसरी गोष्ट घानाच्या धड्याची: दोन बाहेरच्या डिस्क. एक कचेरीच्या कपाटात, तार काढून. दुसरी साताऱ्याला माझ्या मेहुणीकडे. पेणला बहिणीचे घर आहे, ते सोयीचे होते; पण जे वादळ अलिबागला येते ते पेणला जाताना फारसे दमत नाही. महिन्यातून एकदा डिस्कची अदलाबदल होते, मी जातो किंवा कोणी येणारे-जाणारे नेते. हे हास्यास्पद वाटेल, पण पूर्ण दप्तर साताऱ्याहून एसटीने आणायला एक दिवस पुरतो. कुलपाचा परवलीचा शब्द पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये आहे, कारण तो फक्त माझ्या डोक्यात असेल तर मीच ती एकमेव प्रत ठरतो.

लक्ष्मीपूजनाला आम्ही पूर्वी नवी वही आणि पेटी पुजत असू. अजूनही पुजतो. त्याआधी दुपारी साताऱ्याची डिस्क एका कोऱ्या संगणकाला जोडतो, कारकुनांपैकी सर्वांत धाकटा डोळे मिटून यादीवर बोट ठेवतो, आणि ज्या अशिलावर बोट पडेल त्याच्या तीन वर्षांच्या वह्या परत आणून उघडून पाहतो. गेल्या वर्षी एक बिल उघडले नाही. मूळ स्कॅनच बिघडलेले निघाले, ते अशिलाकडून पुन्हा मागवले.

रेवदंड्याच्या त्या अशिलांचा विम्याचा दावा नऊ महिन्यांनी, काही रक्कम कापून, मंजूर झाला. त्यांनी सल्लागार बदलला नाही. पण तेव्हापासून दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतात, तेव्हा खिशात पेनड्राइव्ह असतो. "दादा, आमचं तेवढं यात घाला," म्हणतात. मी घालतो, आणि ते तिथेच खुर्ची ओढून, एकेक वर्ष उघडून बघतात.